टेकडीवरचा तोल: कंबरेच्या सेन्सरने चालणं-धावणं मोजलेलं एक प्रकरण

पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज सकाळी चालणारे आणि अधूनमधून धावणारे बावन्न वर्षांचे एक गृहस्थ; त्यांना काका म्हणू. उतारावरच्या सुट्या खडीवर त्यांचं उजवं पाऊल आत वळलं आणि घोट्याची बाहेरची बाजू ताणली गेली. सहा आठवड्यांत सूज उतरली, दुखणं थांबलं, एका पायावर तीस सेकंद उभं राहणं दोन्ही बाजूंना सारखं जमू लागलं. फिजिओथेरपिस्टच्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर चाल ठणठणीत. तरी टेकडीवर गेलं की "पायाचा भरवसा वाटत नाही" ही तक्रार कायम. मग ठरलं की फरशीवर जे दिसत नाही ते वाटेवर मोजायचं. कंबरेला एक सेन्सर, उजव्या बुटाला एक. डांबरी रस्ता, पठारावरची मुरुमाची वाट आणि खडीचा उतार अशा तीन जागा. प्रत्येक ठिकाणी चालणं आणि धावणं.

प्रकरण नमुन्याचं आहे. अशा मोजणीत हमखास होणाऱ्या चुका एकाच माणसाच्या अंगावर घातल्या आहेत, आणि त्याच्या वेळेचे-अंतराचे आकडे हिशेब दिसावा म्हणून गोल केले आहेत.

पहिल्या फेरीचा निकाल असा आला: धावताना तोल चालण्यापेक्षा चांगला, टेकडीवर डांबरापेक्षा चांगला, आणि उजव्या-डाव्या पायात मोठा फरक, तोही सपाट डांबरावर, जिथे काकांची काहीच तक्रार नव्हती. तिन्ही निष्कर्ष चुकीचे होते आणि तिघांची कारणं वेगवेगळी होती.

यंत्र काय होतं

दोन्ही डब्यांत सारखीच सामग्री: एमपीयू-६०५० हा प्रवेग आणि फिरण्याचा वेग मोजणारा स्वस्त सेन्सर, नोंदी उतरवून घेणारा ईएसपी-३२ हा छोटा संगणक-बोर्ड, मायक्रोएसडी कार्ड आणि लहान लिथियम बॅटरी. सेकंदाला २०० नोंदी. प्रत्येक नोंदीत प्रवेगाचे तीन आणि जायरोचे (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाचे) तीन आकडे, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १२ बाइट. तासाला साडेआठ एमबीच्या आसपास, तेव्हा जागेची चिंता नाही. चिंता असते ती कार्डाची. एसडी कार्ड मधूनच लिहायला अडून बसतं, आणि सेन्सरच्या पोटातली साठवण १०२४ बाइटची. तिच्यात ८५ नोंदी मावतात, म्हणजे ०.४२ सेकंदाचा माल. कार्ड त्याहून जास्त वेळ अडलं की मधल्या नोंदी गायब होतात, आणि फाइल पाहून काही कळत नाही, कारण पुढची नोंद मागचीला चिकटून बसते. म्हणून प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक आणि बोर्डाच्या घड्याळाची वेळ द्यायची, आणि बोर्डाच्या स्मृतीत निदान दोन सेकंदांचा वेगळा साठा ठेवायचा. एवढी एक गोष्ट पहिल्या फेरीतही बरोबर केली होती. बाकीच्या नव्हत्या.

कंबरेचा डबा पाठीच्या खालच्या खोबणीत, पाचव्या कटिमणक्याच्या जागी, रुंद इलॅस्टिक पट्ट्याने बांधला. ही जागा शरीराच्या गुरुत्वमध्याला जवळची, आणि कपड्यांनी फारशी न हलणारी. फोन खिशात टाकून हे काम होत नाही. खिशातला फोन मांडीबरोबर हलतोच, शिवाय खिशात स्वतःचाही डुलतो, आणि मग कुणाचा तोल मोजला ते सांगता येत नाही.

नेमकं काय मोजायचं

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक स्ट्राइड, म्हणजे दोन पावलं. कुठलीच स्ट्राइड आधीच्या स्ट्राइडची हुबेहूब नक्कल नसते. बैलगाडीचं चाक चाकोरीतून जरासं निसटलं तर ते पुन्हा चाकोरीत येतं की बाहेर जात राहतं, हे पाहण्यासारखं हे मोजमाप आहे. दोन वेगवेगळ्या स्ट्राइडमध्ये कंबरेची हालचाल ज्या क्षणी जवळजवळ सारखी आहे तो क्षण शोधायचा, आणि तिथून पुढे दोघींच्या वाटा किती झपाट्याने फाकतात ते पाहायचं. फाकण्याचा हा दर म्हणजे लॅम्डा. तो जास्त, तर बारीक धक्के जिरवण्यात शरीर कमी पडतं आहे. थोड्या नोंदींवरून हा दर काढण्याची पद्धत रोझेनस्टाइन, कॉलिन्स आणि डी लुका यांनी १९९३ मध्ये मांडली. चालण्याच्या अभ्यासात आजही बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

इथे एक मर्यादा सुरुवातीलाच काकांना सांगून टाकलेली बरी. हा आकडा रोजच्या बारीक डगमगीबद्दल बोलतो. दगडाला जोरात ठेच लागली तर सावरता येईल का, याचं उत्तर त्यात नाही.

दुसरं मोजमाप साधं आणि माझ्या मते या प्रकरणात जास्त उपयोगी: स्वसहसंबंध. कंबरेच्या उभ्या प्रवेगाचा आलेख स्वतःवरच सरकवत न्यायचा. एका पावलाइतका सरकवल्यावर तो स्वतःशी किती जुळतो, आणि एका स्ट्राइडइतका सरकवल्यावर किती, हे दोन आकडे काढायचे. उजवं आणि डावं पाऊल सारखं पडत असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ समान येतात. एक पाय जपून टाकला की पावलाचा आकडा घसरतो, कारण आता उजव्याची तुलना डाव्याशी होते. स्ट्राइडचा मात्र टिकतो, कारण तिथे उजव्याची तुलना उजव्याशीच असते. पहिल्याला दुसऱ्याने भागून जे गुणोत्तर मिळतं त्यात लंगडणं एका आकड्यात येतं.

धावण्याचे कापलेले शेंडे

धावणं चालण्यापेक्षा स्थिर कसं निघालं, हे कच्चा आलेख उघडला तेव्हाच दिसलं. चालण्याच्या लाटांना टोकं होती. धावण्याच्या लाटा सुरीने कापल्यासारख्या वरून सपाट. एमपीयू-६०५० चालू होताना आपणहून उणे-अधिक २ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) या मोजण्याच्या मर्यादेत असतो. चालताना कंबरेवरचा धक्का सहसा त्यात मावतो. धावताना तो २ जी सहज ओलांडतो. त्यापुढे सेन्सर ३२७६७ हा आपला कमाल आकडाच लिहीत राहतो. प्रत्येक पावलाचा शेंडा त्याच उंचीवर कापला गेला की सगळी पावलं सारखी दिसणारच. यंत्राच्या आंधळेपणाला शिस्त समजलं गेलं.

उपाय एका ओळीचा: ही मर्यादा उणे-अधिक १६ जी करायची. बारकावा जाईल अशी भीती घालतात, ती बिनबुडाची आहे. १६ जीच्या मर्यादेत एक जीचे २०४८ भाग पडतात, म्हणजे एक पायरी अर्ध्या मिली-जीची. सेन्सरचा स्वतःचा खरखराट त्याच्या आठ-दहा पट असतो. आणि दर फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे ३२७६७ आणि उणे ३२७६८ हे आकडे किती वेळा आले ते मोजायचं. शून्य नसतील तर तो तुकडा बाद.

बुटावरच्या सेन्सरला १६ जीही पुरत नाही; धावताना टाच आपटली की तो भरून जातो. म्हणून बुटावरचा प्रवेग वापरायचाच नाही. तिथला जायरो सेकंदाला २००० अंशांच्या मर्यादेत ठेवायचा आणि पाय पुढे झेपावतानाचं त्याचं टोक पकडून स्ट्राइड मोजायच्या.

एवढं करूनही धावण्याचा लॅम्डा चालण्याच्या शेजारी ठेवायचा नाही. चालताना दोन्ही पाय टेकलेले असण्याचा क्षण असतो. धावताना दोन्ही हवेत असण्याचा. हे दोन वेगळे खेळ आहेत. चालणं चालण्याशी, धावणं धावण्याशी.

टेकडी डांबरापेक्षा बरी कशी?

या चुकीचे दोन पदर होते, आणि पहिल्यातच बहुतेकांचा पाय अडकतो.

डांबरावर काका सलग चालले, सातेक मिनिटं. मिनिटाला ११० पावलं, म्हणजे ५५ स्ट्राइड. साधारण ३८५ स्ट्राइड मिळाल्या. टेकडीवर वळणं आणि चढ वगळल्यावर हातात उरल्या नव्वद. लॅम्डा दोन्हींवर काढला आणि शेजारी-शेजारी ठेवला. पण लॅम्डा नोंदींच्या लांबीवर अवलंबून असतो. स्ट्राइड जितक्या जास्त, तितका प्रत्येक क्षणाला अधिक जवळचा जोडीदार सापडतो. आणि सुरुवातीचं अंतर जितकं कमी, तितकं सुरुवातीचं फाकणं तीव्र दिसतं. म्हणजे लांब फाइलला जास्त डगमगीचा ठपका केवळ लांब असल्याबद्दल बसला. २००९ मध्ये ब्रॉइन आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवरच्या लांब नोंदी घेऊन हेच तपासलं होतं. तुलना करायची तर स्ट्राइडची संख्या समान हवी, आणि चालताना मनाला दुसरं काम दिल्याने पडणारा सूक्ष्म फरक पकडायला दीडशेहून जास्त स्ट्राइड लागतात, असं त्यांनी दाखवलं.

दुसरा पदर घड्याळाचा. वाटेचा कुठला भाग सपाट आणि कुठला उतार हे जीपीएस घड्याळावरून ठरवलं, आणि सेन्सरची वेळ 'नोंद क्रमांक भागिले २००' अशी काढली. सेन्सर खरंच २०० नोंदी घेतो का, हे कुणी पाहिलं नाही. त्याच्या आतल्या घड्याळात जायरोचा आधार घेतला तरी एक टक्क्याची सूट असते. एक टक्का म्हणजे अर्ध्या तासात १८ सेकंद. ताशी १० किलोमीटरच्या धावण्यात १८ सेकंदांत माणूस ५० मीटर पुढे जातो. वेताळ टेकडीच्या पठारावर ५० मीटरांत वाट सपाटीवरून उताराला लागते. फेरीच्या शेवटच्या भागात ज्याला 'उतार' म्हटलं त्यातला निम्मा सपाट होता, आणि 'मुरुमाच्या सपाटी'त उतार मिसळला होता.

त्यावर उपाय म्हणजे बोर्डाच्या स्फटिक घड्याळाची वेळ नोंदीवर आधीच होती, ती वापरायची. आणि सुरुवातीला व शेवटी दोन्ही डबे एका मुठीत धरून बाकावर तीनदा ठोकायचे. त्याच क्षणी जीपीएस घड्याळाचं लॅपचं बटण दाबायचं. दोन्ही फाइलींत तीन उभ्या रेघा दिसतात, त्या एकावर एक बसवल्या की काम झालं. पुस्तकात यासाठी तीन उड्या मारायला सांगतात. ज्याचा घोटा नुकता बरा झाला आहे त्याला उड्या मारायला सांगू नये, एवढं तरी भान हवं.

उजवीकडे सरकलेला पट्टा

डांबरावर दिसलेला उजव्या-डाव्यातला फरक हा पट्ट्याचा होता. फेरी संपल्यावर पाहिलं तर घामाने ओला झालेला पट्टा तीन-चार सेंटीमीटर उजवीकडे सरकलेला. चालताना कंबर उभ्या अक्षाभोवती वळते आणि डावी-उजवीकडे वर-खालीही होते. सेन्सर मध्यावर असेल तर दोन्ही पावलांना त्याला सारखंच दिसतं. एका बाजूला गेला की उजव्या पावलाचा धक्का त्याला जवळून बसतो, डाव्याचा लांबून. निरोगी माणूसही मग लंगडा निघतो. त्यात काकांनी त्याच पट्ट्यावर पाण्याच्या बाटलीचा पट्टा चढवला होता. अर्धी भरलेली बाटली आपल्या लयीत डचमळते आणि ती लय सेन्सरमध्ये उतरते.

दुसऱ्या फेरीत डबा आधी त्वचेला दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लावला. त्वचा पुसून कोरडी करून, तेल लावलेलं नाही ना हे विचारून. वरून पट्टा, फक्त दाब देण्यापुरता. डब्याच्या दोन्ही बाजूंना त्वचेवर पेनाने रेघा. फेरीनंतर रेघ आणि डबा यांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त अंतर पडलं तर फेरी पुन्हा. पाण्याची बाटली बाकावर ठेवायची.

पाठीच्या खोबणीत डबा कधीच सरळ बसत नाही. दहा अंश कलला तरी गुरुत्वाकर्षणाचा १.७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका वाटा पुढे-मागेच्या अक्षात घुसतो. त्यासाठी प्रत्येक फेरीआधी आणि नंतर दहा सेकंद स्तब्ध उभं राहायचं, त्यावरून कल काढायचा आणि तिन्ही अक्ष गणिताने सरळ करायचे. नंतरच्या उभं राहण्यात कल बदललेला दिसला, तर डबा हलला आहे. तेव्हा रेघ काय म्हणते ते आणि कल काय म्हणतो ते, दोन्ही जुळायला हवं.

दुसरी फेरी

जागा बदलल्या. धावताना ताशी ९ किलोमीटर आणि मिनिटाला १७० पावलं धरली तर एक स्ट्राइड सुमारे पावणेदोन मीटरची. दीडशे स्ट्राइडना २६५ मीटर सरळ, सपाट वाट लागते, शिवाय वेग पकडायला आणि थांबायला पंधरा-वीस मीटर. टेकडीवर मुरुमाची अशी सलग वाट मिळेना. मग ५० स्ट्राइडचे तीन तुकडे घेतले, आणि डांबरावर सलग जागा असूनही तिथेही मुद्दाम ५०-५०चे तीनच तुकडे कापले. तुकडे एकमेकांना जोडून शिवायचे नाहीत. शिवण पडते तिथे कंबरेची हालचाल एका क्षणात उडी मारते आणि गणित त्या उडीलाच डगमग समजतं. जोडीदार क्षण शेजारच्या तुकड्यात शोधले तरी चालतात, पण फाकण्याचा माग तुकड्याच्या सीमेवर थांबवायचा.

गणिताच्या सेटिंग एकदा ठरवल्या आणि पुन्हा हलवल्या नाहीत. प्रत्येक ५० स्ट्राइडचा तुकडा ५००० बिंदूंवर बसवला, म्हणजे सरासरी स्ट्राइडला शंभर बिंदू. प्रत्येक स्ट्राइड वेगळी ताणून शंभरावर बसवायची नाही, नाहीतर लांब-आखूड स्ट्राइडमधला फरक, जो मोजायचा आहे, तोच पुसला जातो. प्रत्येक क्षणाचं वर्णन पाच आकड्यांनी (मिती पाच), आणि त्या आकड्यांत दहा-दहा बिंदूंचं अंतर (विलंब दहा). जोडीदार निदान एक स्ट्राइड लांबचा. फाकण्याच्या वक्राचा उतार पहिल्या ५० बिंदूंवर, म्हणजे एका पावलापुरता. वेगळा गुळगुळीत करणारा फिल्टर लावला नाही. सेन्सरच्या आतला फिल्टर तेवढा ९४ हर्ट्झवर, दोन्ही फेऱ्यांत तोच. फिल्टर बदलला की लॅम्डा बदलतो, आणि कुणी 'आलेख नीट दिसावा' म्हणून मधेच बदलतोच.

वेग घड्याळावर पाहून सांभाळायला सांगितलं, पण पावलांसाठी मेट्रोनोमची टिकटिक दिली नाही. टिकटिकीवर पाऊल टाकणारा माणूस आपली स्वाभाविक लय सोडून बाहेरची धरतो. मग मोजमाप त्याच्या कानाचं होतं.

आणि टेकडीवरची माणसं! पहिल्या तुकड्यातच समोरून येणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी हात केला, "काय, बऱ्याच दिवसांनी?" काकांनी मान वळवून उत्तर दिलं. जायरोच्या उभ्या अक्षावर एक फुगवटा आला आणि पुढच्या दहा-बारा स्ट्राइड बिघडल्या. तो तुकडा टाकून दिला. नंतर फिजिओथेरपिस्ट बाई मागून चालत राहिल्या. असा प्रसंग आला की हातातलं बटण दाबायचं एवढंच त्यांचं काम. "काका, आज कुणाशी बोलायचं नाही," हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. टेकडीवर ते पाळणं घोटा सांभाळण्यापेक्षा अवघड आहे.

प्रत्येक जागी, प्रत्येक गतीत चार वेळा मोजलं. एकच मोजमाप घेऊन फरक सांगणं म्हणजे अंदाजपंचे. एकाच जागेवरच्या चार आकड्यांमध्येच किती तफावत आहे ते आधी पाहायचं. दोन जागांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचं.

निकाल आता अंगाला लागणारा आला. चालताना डांबर आणि मुरुम यांत लॅम्डाचा फरक होता, डावी-उजवीकडच्या अक्षात सर्वांत स्पष्ट, पण तो अपेक्षितच. खडबडीत वाटेवर कुणाचाही वाढतो, त्यावरून घोट्याबद्दल काही म्हणता येत नाही. उजव्या-डाव्याचं गुणोत्तर चालताना तिन्ही जागी एकच्या जवळ राहिलं. मुरुमावर सपाटीला धावतानाही तेच.

बदल दिसला तो उतारावर धावताना, आणि तोही आधी लॅम्डात नाही. पावलं मिनिटाला १७० वरून १८० च्या पुढे गेली, वेग उतरला, म्हणजे पावलं आखूड झाली. गुणोत्तर चारही वेळा घसरलं. बुटावरच्या जायरोने तपशील भरला: उजवा पाय पुढे झेपावण्याचं टोक उतारावर खाली आलं होतं. पाय पूर्ण फेकला जात नव्हता, ठेवला जात होता. घोट्याचा भरवसा काकांना नेमका याच ठिकाणी नव्हता, आणि तक्रार करताना त्यांनी 'टेकडीवर' असा सगळ्याच वाटेला दोष दिला होता.

उतारावरचा लॅम्डा अहवालात लिहिलाच नाही. वेग आणि पावलांची लय दोन्ही बदललेली असताना तो आकडा कशाशीही ताडता येत नाही, आणि लिहिला की कुणीतरी ताडतोच.

यावरून जे ठरलं ते इतकंच. डांबरावर आणि पठारावर धावायला हरकत नाही. खडीचा उतार सध्या चालत उतरायचा. व्यायामात एका पायावर उभं राहण्याऐवजी आता उजव्या पायाने पायरीवरून हळू खाली उतरणं, आणि मग आखूड उतारावर मुद्दाम सावकाश धावणं. चार आठवड्यांनी पुन्हा मोजणी: तेच बूट, तीच सकाळची वेळ, उतारावरच्या त्याच दोन दगडांमधली वाट. ते दगड खडूने खुणावून ठेवले होते. पाऊस पडून गेला तर फोटोवरून ओळखायचे, म्हणून फोटो काढताना मागचं बाभळीचं झाड चौकटीत घेतलं आहे.